वाचकांचे प्रश्न : छातीचा डॉक्टर सगळ्या देशांत सारखाच घडवता येतो का?

श्वसनमार्गाच्या संसर्गांवर उपचार करणारे तज्ज्ञ देशोदेशी कसे तयार होतात आणि त्यांचं शिक्षण एका मापात बसवता येतं का, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं इथे घेतली आहेत. लांब पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी रेस्पिरेटरी मेडिसिनमध्ये एमडी करते आहे. युरोपातली ‘हर्मीस’ नावाची परीक्षा दिली की तिकडे थेट काम करता येतं, असं तिला एका सीनियरने सांगितलं. हे खरं का? आणि आपली तीन वर्षं तिकडे पुरी धरतात का?
— एक पालक, सांगली

थेट काम करता येत नाही. हर्मीस ही परवान्याची परीक्षा नाही.

युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीने २००५ मध्ये हा उपक्रम सुरू केला. ‘हार्मोनाइज्ड एज्युकेशन इन रेस्पिरेटरी मेडिसिन फॉर युरोपियन स्पेशालिस्ट्स’ या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून हर्मीस झालं. तोवर प्रत्येक देशाचा छातीचा डॉक्टर आपापल्या परंपरेत घडत होता. कुठे हा विषय इंटर्नल मेडिसिनची शाखा होता, कुठे स्वतंत्र, तर पूर्व युरोपात क्षयाचा डॉक्टर हा वेगळाच तज्ज्ञ होता. आपल्याकडेही या विषयाची पदवी बराच काळ ‘टीबी अँड रेस्पिरेटरी डिसीजेस’ या नावाने मिळत होती, हे आठवलं तर तिकडची स्थिती समजायला अवघड नाही. आधी तज्ज्ञाला काय काय यायला हवं याची यादी झाली (२००६), मग ते कसं शिकवायचं याचा आराखडा झाला आणि २००८ मध्ये पहिली परीक्षा झाली. पुढे लहान मुलांचे श्वसनविकार, झोपेचे विकार, स्पायरोमेट्री, छातीचा कर्करोग आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यांवरही त्याच पद्धतीने स्वतंत्र अभ्यासक्रम आखले गेले.

परवान्याचा कायदा निराळा आहे. युरोपियन युनियनच्या २००५ च्या व्यावसायिक पात्रतेच्या निर्देशात श्वसनरोगशास्त्रासाठी किमान चार वर्षांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. एका सदस्य देशात ते पूर्ण केलेल्या तिथल्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात आपोआप मान्यता मिळते. भारतातली एमडी या आपोआप मान्यतेत येत नाही. तिची कागदपत्रं त्या त्या देशाची संस्था एकेक करून तपासते, भाषेची परीक्षा घेते आणि बहुतेक वेळा प्रशिक्षणाचा काही भाग पुन्हा करायला लावते.

वर्षांची बेरीज करून मात्र कुणाला कमी-जास्त ठरवू नका. आपल्याकडे एमबीबीएसनंतर तीन वर्षं थेट छातीच्याच विभागात जातात. जर्मनीत इंटर्नल मेडिसिन आणि न्यूमोलॉजी मिळून ७२ महिने लागतात. ब्रिटनमध्ये आधी तीन वर्षं जनरल मेडिसिन आणि मग चार वर्षं श्वसनरोग, त्यातही जनरल मेडिसिनच्या ड्यूट्या चालूच. म्हणजे तिकडच्या वर्षांत हृदय, मूत्रपिंड, साखर सगळं मिसळलेलं असतं. आपल्या तीन वर्षांत ते कमी असतं आणि परदेशी समिती नेमकं तेवढ्यावर बोट ठेवते. मुलीला मेडिसिन आणि आयसीयूची पोस्टिंग मिळत असतील, तर त्यांच्या तारखा, वॉर्ड आणि वरिष्ठांच्या सह्या आत्ताच जपून ठेवायला सांगा. पाच वर्षांनी जुन्या युनिटमध्ये सही मागायला गेलं की तो वरिष्ठ बदलून गेलेला असतो.

हर्मीस द्यावी का? द्यावी. बहुपर्यायी ९० प्रश्न, तीन तास. आपण कुठे कच्चे आहोत ते कळतं आणि बायोडेटाला वजन येतं. ब्रिटनकडे डोळा असेल, तर तिकडची रेस्पिरेटरी मेडिसिनची स्पेशालिटी सर्टिफिकेट परीक्षा जास्त उपयोगी. तिच्यात तीन-तीन तासांचे दोन पेपर असतात, प्रत्येकी १०० प्रश्नांचे.

प्रश्न : संसर्गाच्या समान अभ्यासक्रमात प्रत्यक्ष हाताने काय यायला हवं? पुस्तकी यादी नको. चुका कुठे होतात ते सांगा.
— निवासी डॉक्टर, नाशिक

तीन नमुने आणि एक आकडा, इतकं पक्कं असलं तर निम्मं काम झालं.

पहिला नमुना बेडक्याचा. हे काम नर्सवर किंवा नातेवाइकांवर सोडलं जातं आणि डबीत थुंकी येते. रुग्णाला साध्या पाण्याने चूळ भरायला लावा, दोन-तीन खोल श्वास घ्यायला सांगा आणि मग पोटातून खोकायला लावा. स्लाइडवर कमी शक्तीच्या भिंगाखाली एका दृश्यक्षेत्रात २५ हून जास्त पांढऱ्या पेशी आणि १० हून कमी तोंडाच्या सालपेशी दिसल्या, तर नमुना छातीतला समजावा. उलटं दिसलं तर कल्चरला लावूच नये, कारण तोंडातले जंतू वाढतील आणि त्यांच्यावर महागडं अँटिबायोटिक सुरू होईल. ही चाळणी साध्या कल्चरसाठी आहे. क्षय किंवा लिजिओनेला (न्यूमोनियाचा एक जंतू) यांसाठी आलेला नमुना लाळेसारखा दिसतो म्हणून फेकायचा नसतो. नियम पाठ केलेला विद्यार्थी नेमका इथे चुकतो.

दुसरा नमुना छातीतल्या पाण्याचा. सोनोग्राफीने जागा पाहूनच सुई घालायची, हे आता सगळीकडे मान्य आहे. लाइटचे निकष (१९७२) सगळ्यांना तोंडपाठ असतात. पाण्यातलं प्रोटीन रक्तातल्याच्या निम्म्याहून जास्त, एलडीएच (एक एन्झाइम) रक्तातल्याच्या ०.६ पटीहून जास्त, किंवा पाण्यातलं एलडीएच रक्ताच्या नॉर्मल कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून जास्त. यातलं एक जरी जुळलं तरी एक्झुडेट, म्हणजे दाहामुळे झिरपलेलं पाणी. पण हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला चार दिवस लघवीची औषधं दिल्यावर पाणी काढलं, तर ते खोटंच एक्झुडेट ठरू शकतं. अशा वेळी रक्तातल्या प्रोटीनमधून पाण्यातलं प्रोटीन वजा करा. फरक डेसिलिटरला ३.१ ग्रॅमहून जास्त असेल, तर ते ट्रान्झुडेटच, म्हणजे दाह नसताना साचलेलं पाणी, धरा.

न्यूमोनियासोबत पाणी असेल, तर पीएच सगळ्यात महत्त्वाचा. ७.२ च्या खाली गेला की पाणी काढायला छातीत नळी घालायची वेळ आली. हा आकडा दोन कारणांनी बिघडतो. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, तर पीएच खोटाच वर जातो आणि नळी राहून जाते. जागा बधिर करायला वापरलेलं लिग्नोकेन त्याच सिरिंजमध्ये उरलं, तर ते आम्लधर्मी असल्यामुळे पीएच खोटाच खाली येतो. म्हणून भुलीची सिरिंज वेगळी, नमुन्याची वेगळी, आणि पीएचचं पाणी हेपरिन लावलेल्या ब्लड गॅसच्या सिरिंजमध्ये, हवा काढून, बूच लावून, लगेच मशीनवर. साध्या बाटलीत पाठवून दुसऱ्या दिवशी आलेला पीएच वाचूही नये. ब्लड गॅसचं मशीन नसेल तर पाण्यातली साखर पाहा. ती डेसिलिटरला ६० मिग्रॅच्या खाली असेल, तर तेवढ्याच गांभीर्याने घ्या. आणि दाट पू निघत असेल, तर पीएच करायची गरजच नाही. पुवाने ब्लड गॅसचं मशीनही तुंबतं.

तिसरा नमुना दुर्बिणीतून केलेल्या लव्हाजचा, म्हणजे फुप्फुसाचा भाग सलाइनने धुऊन परत ओढलेल्या पाण्याचा. दुर्बीण उपशाखेत घट्ट बसवायची आणि एकूण १०० ते ३०० मिलि सलाइन तीन ते पाच हप्त्यांत घालून ओढायचं. घातलेल्यापैकी निदान ३० टक्के परत यायला हवं. कमी येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सक्शन जोरात लावणं. नळी आत चिकटते आणि काहीच येत नाही. हलक्या हाताने, थांबून-थांबून ओढा. घट्ट बसवण्याआधी वाटेत सक्शन केलं, तर वरच्या श्वासमार्गाचे जंतू चॅनेलमध्ये येतात. इथेही लिग्नोकेन कमीत कमी वापरा, त्याने काही जंतूंची वाढ दबते. मोजणीच्या कल्चरमध्ये मिलिलिटरला १०,००० वसाहतींच्या वर आकडा आला, की खरा संसर्ग मानायचा असा संकेत आहे. आधी अँटिबायोटिक चालू असेल, तर कमी आकड्यालाही अर्थ असतो.

आता तो आकडा. न्यूमोनियाची तीव्रता मोजायचा कर्ब-६५ हा गुणांक ब्रिटनमधून आला. त्यातला युरियाचा निकष आहे लिटरला ७ मिलिमोलहून जास्त. आपल्याकडचा रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये येतो, आणि तोही कुठे ‘ब्लड युरिया’ तर कुठे ‘बीयूएन’ (युरियातला फक्त नायट्रोजन) म्हणून. ७ मिलिमोल म्हणजे ब्लड युरिया ४२ मिग्रॅ, पण बीयूएन २० मिग्रॅ. बीयूएन ३० आलेल्या रुग्णाला ‘४२ च्या खाली आहे’ म्हणून गुण दिला नाही, तर दाखल करण्याजोगा माणूस घरी जातो. रिपोर्टवरचं नाव वाचा, मगच आकडा. हा गुणांक तरुणांत आजार कमी दाखवतो, कारण वयाचा (६५ किंवा पुढे) एक गुण त्यांना कधीच मिळत नाही. श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन स्वतः मोजल्याशिवाय पंचविशीच्या रुग्णाला घरी पाठवू नये.

प्रश्न : मी जर्मनीत न्यूमोलॉजीचं प्रशिक्षण घेतो आहे. इथल्या कल्चर रिपोर्टमध्ये सुडोमोनास या जंतूवर बहुतेक औषधांपुढे ‘आय’ येतो. मुंबईत असताना आम्ही ‘आय’ दिसला की ते औषध टाळायचो. इथले वरिष्ठ तेच औषध देतात. चूक कुणाची?
— एक वाचक, फ्रँकफर्ट

कुणाचीच नाही. अक्षर एकच, अर्थ दोन.

भारतातल्या बहुतेक प्रयोगशाळा अमेरिकेच्या सीएलएसआयच्या तक्त्याने वाचतात. तिथे ‘आय’ म्हणजे इंटरमीजिएट, मधला. युरोपात युकास्टचा तक्ता आहे आणि २०१९ पासून त्यांनी ‘आय’ चा अर्थ बदलला : जंतू संवेदनशील आहे, मात्र औषध वाढीव मात्रेत पोचायला हवं. सुडोमोनासला ही औषधं मुळातच साध्या डोसमध्ये पुरत नाहीत, म्हणून सेफ्टाझिडीम, सेफेपिम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम यांच्यासाठी युकास्टने ‘एस’ (संवेदनशील) ची रेघ इतकी खाली नेली की साधा, कुठलाही प्रतिकार न कमावलेला सुडोमोनासही ‘आय’ मध्येच येतो. सेफ्टाझिडीम एरवी १ ग्रॅम दिवसातून तीनदा देत असाल, तर इथे २ ग्रॅम तीनदा, मूत्रपिंड धड असेल तर. तुमचे वरिष्ठ तेच करत असणार.

मेरोपेनेमपुढे मात्र ‘एस’ छापून येऊ शकतो. मग नवा डॉक्टर ‘आय’ ची सगळी औषधं सोडून मेरोपेनेम उचलतो. युरोपातही हे बदलाच्या सुरुवातीला बरंच घडलं आणि विनाकारण कार्बापेनेम (मेरोपेनेमच्या गटातली औषधं) वापरले गेले. त्यात भर म्हणजे चाचणीसाठी जंतूंवर ठेवायच्या औषधाच्या चकत्या, म्हणजे डिस्कही सारख्या नाहीत. सेफ्टाझिडीमची डिस्क सीएलएसआयमध्ये ३० मायक्रोग्रॅमची, युकास्टमध्ये १० ची. म्हणून भोवतालच्या मोकळ्या जागेचे मिलिमीटर एका तक्त्याचे आणि रेघ दुसऱ्याची, असं चालत नाही. भारतात एखादी प्रयोगशाळा युकास्टवर गेली असेल, तर तिने रिपोर्टच्या तळाशी तसं छापलंच पाहिजे. छापलेलं नसेल तर फोन करून विचारा.

आमच्या मते समान अभ्यासक्रमाची खरी गरज इथे दिसते. न्यूमोनियाची व्याख्या सगळ्या देशांत एकच आहे, ती जुळवायला समित्या नकोत. रिपोर्टची भाषा आणि एकक जुळत नाहीत, आणि तेच कुणी शिकवत नाही.

प्रश्न : आमच्याकडचे आजार वेगळे, युरोपातले वेगळे. मग एकच अभ्यासक्रम कशाला? तिकडचं शिकून आलेला डॉक्टर इथे काय करणार?
— जनरल प्रॅक्टिशनर, रत्नागिरी

तुमचा रोख बरोबर आहे, निष्कर्षाशी मात्र आम्ही सहमत नाही.

उदाहरण घेऊ. छातीत पाणी, त्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त आणि एडीए (क्षयात वाढणारं एन्झाइम) ७०. भारतात जगातले साधारण चतुर्थांश क्षयरुग्ण आहेत, त्यामुळे असा रिपोर्ट आला की क्षयाची शक्यता इतकी वाढते की उपचार सुरू करणं रास्त ठरतं. हाच रिपोर्ट क्षय दुर्मीळ असलेल्या देशातल्या सत्तरीच्या माणसाचा असेल, तर लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) आणि संधिवाताचं पाणी आधी शोधावं लागतं. चाचणी एकच, तिचं वजन मात्र त्या गावात आजार किती आहे त्यावर ठरतं. समान अभ्यासक्रमात शिकवायचं ते हे वजन करणं. ‘एडीए ४० च्या वर म्हणजे टीबी’ हे वाक्य शिकवलं तर डॉक्टर दोन्हीकडे कधी ना कधी फसेल.

औषधांचंही तसंच. पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत न्यूमोनियासाठी लिव्होफ्लॉक्सासिन सहज लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते पहिल्या दमात देऊ नये, कारण क्षयाच्या जंतूवरही ते काम करतं. रुग्णाला आठवडाभर बरं वाटतं, बेडक्यातले जंतू दबतात आणि निदान लांबतं. पुढे एमडीआर (नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या) क्षयावर बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हा सहा महिन्यांचा कोर्स (जागतिक आरोग्य संघटनेने तो २०२२ मध्ये सुचवला) द्यायची वेळ आली, तर त्यातल्याच गटाचं औषध आधी वाया गेलेलं असतं.

आणि तुमच्या किनाऱ्याचा आजार. मेलिऑइडोसिस (मातीपाण्यातल्या एका जंतूचा संसर्ग) कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, विशेषतः पावसाळ्यात आणि मधुमेहींमध्ये सापडतो. तो न्यूमोनियासारखा येतो, नाहीतर क्षयासारखा रेंगाळतो. कोकणात त्याची आठवण ठेवायलाच हवी. प्रयोगशाळेत हा जंतू पुष्कळदा ‘सुडोमोनासची कुठलीतरी जात, बहुधा भेसळ’ म्हणून टाकून दिला जातो. ओळखायची खूण : जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद देत नाही, पण को-अमॉक्सिक्लॅव्हला देतो. खरा सुडोमोनास सहसा बरोबर उलटा वागतो. उपचार सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम निदान १० ते १४ दिवस शिरेतून, मग को-ट्रायमॉक्साझोल किमान तीन महिने. दुसरा भाग सोडला तर आजार उलटतो.

मिलानच्या निवासी डॉक्टरला मेलिऑइडोसिस दिसणार नाही आणि रत्नागिरीच्या डॉक्टरला अ‍ॅरिझोनातला कॉक्सिडिऑइडोमायकोसिस (एक बुरशीजन्य आजार) दिसणार नाही. पण ‘रुग्ण कुठून आला, कुठे राहून आला’ हा प्रश्न दोघांनी केसपेपरच्या पहिल्या पाच ओळींत विचारला पाहिजे, आणि प्रयोगशाळेच्या ‘भेसळ’ या शेऱ्यावर शंका घेता आली पाहिजे. एवढं समान असलं की बाकीचा पाठ त्या त्या देशाने आपला लिहावा.

प्रश्न : आमच्या विभागात लॉगबुकमध्ये प्रत्येक प्रोसिजरची संख्या भरायला सांगतात. परदेशी पद्धतीत मूल्यमापन वेगळं असतं म्हणे. नेमकं कसं करायचं?
— प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

संख्येला फारसा अर्थ नाही, हे तुम्हालाही ठाऊक असणार. ५० ब्रॉन्कोस्कोपी लिहिलेल्या असतात. त्यातल्या किती वेळा दुर्बीण विद्यार्थ्याच्या हातात होती आणि किती वेळा तो शेजारी उभा होता, हे वहीतून कळत नाही. शिवाय वही बऱ्याच ठिकाणी परीक्षेआधीच्या पंधरवड्यात एका बैठकीत भरली जाते, हे उघड गुपित.

त्याऐवजी भरवशाची पायरी लिहा. नेदरलंड्समधल्या उट्रेख्टच्या ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये मांडलेली ही पद्धत आता बऱ्याच देशांत आहे. एकेक पूर्ण काम घ्यायचं, उदाहरणार्थ ‘न्यूमोनियासोबतच्या पाण्याचं निदान आणि नळीचा निर्णय’. मग पाच पायऱ्या : फक्त पाहतो, वरिष्ठ खोलीत असताना करतो, वरिष्ठ हाकेच्या अंतरावर असताना करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. एमडीच्या शेवटी चौथी पायरी हवी. पायरी एका शिक्षकाच्या मतावर चढवू नका. निदान तीन वेगवेगळ्या शिक्षकांनी, वेगवेगळ्या रुग्णांवर, प्रत्यक्ष उभं राहून पाहिलेलं असावं आणि शेरा त्याच दिवशी लिहावा. सगळ्यांना ‘उत्तम’ द्यायची सवय ही यातली मोठी अडचण. फॉर्मवर ‘पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट वेगळी करावी’ हा रकाना सक्तीचा ठेवला की शिक्षकाला पाहावंच लागतं.

लेखी परीक्षेत ५० टक्क्यांची रेघ आंधळेपणाने ओढू नका. पेपर अवघड निघाला तर चांगली मुलं बुडतात, सोपा निघाला तर कच्ची तरतात. अँगॉफच्या पद्धतीत आठ-दहा परीक्षक प्रत्येक प्रश्नाला विचारतात : जेमतेम पास होण्याच्या लायकीचे १०० विद्यार्थी आणले तर किती जण हा सोडवतील? कुणी ६० म्हणतो, कुणी ८०. फार तफावत असेल तिथे चर्चा करून पुन्हा आकडा लिहायचा. सगळ्या प्रश्नांची सरासरी समजा ६२ आली, तर त्या पेपरची पासाची रेघ ६२ टक्के. एका दुपारचं काम आहे. ‘जेमतेम पास’ विद्यार्थी कसा असतो यावर आधी एकमत करा. ते केलं नाही तर प्रत्येक जण आपल्या डोळ्यांसमोर हुशार विद्यार्थी आणतो आणि रेघ फार वर जाते.

प्रश्न : ब्रॉन्कोस्कोपीनंतर खोली किती वेळ रिकामी ठेवायची? आमच्याकडे कुणी दहा मिनिटं म्हणतं, कुणी तास. याचाही काही समान नियम आहे का?
— ब्रॉन्कोस्कोपी तंत्रज्ञ, पुणे

आहे, पण तो मिनिटांत नाही, हवा बदलण्यात मोजतात. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल, तर हवेतले ९९ टक्के कण जायला २३ मिनिटं लागतात. तासाला ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं. ९९.९ टक्के हवे असतील तर अनुक्रमे ३५ आणि ६९.

आपल्या खोलीचं गणित करा. ४ मीटर लांब, ३ रुंद, ३ उंच म्हणजे ३६ घनमीटर. तासाला १२ बदल हवेत तर एक्झॉस्टने ४३२ घनमीटर हवा बाहेर टाकायला हवी. पंख्याच्या पाटीवरचा आकडा जाळी आणि डक्ट लावण्याआधीचा असतो, प्रत्यक्षात कमी भरतो. छताच्या पंख्याने आणि स्प्लिट एसीने हवा आतल्या आत फिरते, बदलत नाही, म्हणून ते यात धरायचे नाहीत. वरची मिनिटं खोलीतली हवा नीट मिसळते असं गृहीत धरून काढली आहेत. एक्झॉस्ट दाराला लागूनच बसवलेला असेल, तर बाहेरून आलेली हवा आल्या पावली निघून जाते आणि टेबलाच्या डोक्याकडची तशीच राहते. अशा खोलीत वेळ वाढवून धरा आणि जमेल तेव्हा एक्झॉस्ट समोरच्या भिंतीत, रुग्णाच्या डोक्याच्या बाजूला हलवून घ्या.